हेड उघडं असताना

सिदूमामा हेड उघडायला बसले की आमच्या आख्ख्या शेडमध्ये कुणाला शिंकायची परवानगी नसे. मी फुगवून सांगत नाही. ज्याला शिंक येईल त्याने नाक दाबून गेटपर्यंत पळत जायचं, तिथं काय ते उरकायचं, तोंड धुवायचं आणि मगच परत यायचं. ग्राइंडिंगवर उत्तर प्रदेशातला एक गडी होता. त्याला धुळीनं सारख्या शिंका यायच्या. तो बिचारा लांबूनच हात वर करून विचारायचा, "मामा, छींक आ रही है, क्या करूँ?" मामा उत्तर द्यायचे नाहीत, कारण हेड उघडं असताना ते स्वतःही बोलत नसत. नुसतं एक बोट गेटकडं करायचे. त्या बोटाला मॅनेजरसाहेबसुद्धा घाबरत.

हेड म्हणजे लेझर कटिंग मशीनचं हेड. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका लांबरुंद टेबलावर लोखंडाचा पत्रा ठेवलेला असतो आणि त्याच्यावरून तांब्याएवढं एक यंत्र सरसर फिरत जातं. त्याच्या खालच्या टोकाला नोझल. नोझलमधून जी उजेडाची रेघ उतरते ती डोळ्याला दिसत नाही, पण जिथं पडते तिथं पत्रा जुन्या लुगड्यासारखा फाटत जातो. ह्या यंत्राच्या पोटात एक काच असते, पिवळसर, रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी. ती लेन्स. परदेशातून येते आणि यायला दीड महिना लावते. तिच्यावर धुळीचा कण बसला, थुंकीचा तुषार उडाला, कुणाच्या बोटाचं तेल लागलं, की तेवढाच ठिपका तापतो, मग सगळी काच तापते आणि काम बिघडतं. फारच झालं तर काच जाते. म्हणून मामांचा कायदा एका ओळीचा होता: "हेड उघडं तर तोंड बंद, तोंड उघडं तर हेड बंद."

एकदा शेठ पुण्याची दोन गिऱ्हाइकं घेऊन आले आणि नेमकं हेड उघडं. मामांनी मान न वळवता तळहात मागं केला. शेठ दारातच थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकांतला एक जण शेठच्या कानात कुजबुजला, "पूजा चालू आहे का?" शेठ तितक्याच हळू म्हणाले, "जवळजवळ."

आमची कंपनी शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला. मामा भांडगावच्या बाजूच्या एका वाडीवरचे. रोज जुन्या एम-एटी गाडीवर बसून चौफुला, पारगाव, न्हावरा करत यायचे आणि तसेच परत जायचे. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी, म्हणजे मामांच्या वडलांनी, मेंढरं विकून जमीन धरली, आणि मामा चौथी करून आधी वेल्डिंगच्या दुकानात आणि मग आमच्या कंपनीत गॅस कटिंगला लागले. लेझर आलं तेव्हा त्याच्याबरोबर एक परदेशी इंजिनियर आला होता, पंधरा दिवसांसाठी. त्याच्या हाताखाली शिकायला दोन डिप्लोमावाली पोरं दिली होती, आणि पाना, कापूस, चहा द्यायला सिदूमामा. सहा महिन्यांत दोन्ही पोरं जास्त पगारावर निघून गेली. राहिले मामा. तेव्हा कळलं, की ह्या माणसानं चहा देता देता त्या गोऱ्याच्या हाताची एकेक हालचाल मनात ठेवलीय. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानं पाठ होती. कुणी काही चुकवलं की म्हणायचे, "पान त्र्याहत्तर बघ. चित्रातल्या मानसाचा अंगठा कुठं हाय? आन् तुझा कुठं हाय?"

हेडला ते 'पाव्हणा' म्हणायचे. "पाव्हणा आज नाराज हाय." "पाव्हण्याला शिळा गॅस चालत न्हाई, बाटला बदल." काम चांगलं निघालं तर "पाव्हणा जेवला पोटभर." मशीन बाहेरच्या मुलखातून आलंय, त्याला आपली भाषा येत नाही, तेव्हा त्याला काय हवं-नको ते आपणच ओळखलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी पण बाहेरच्या मुलखातून आलेला. त्यामुळं हे ऐकलं की मला उगाचच बरं वाटायचं.

मामांच्या ओठावर मिशी नव्हती. त्यांच्या वाडीत बिनमिशीचा बाप्या तेवढे एकटेच. त्याची गोष्ट अशी. लेझर आल्यावर पहिल्याच महिन्यात लेन्सच्या खाचेत मिशीचा एक केस सापडला. वाकडा, अर्धा काळा अर्धा पांढरा. नाकारायची सोयच नव्हती. मामा त्याच संध्याकाळी शिरूरच्या स्टँडसमोर न्हाव्याकडं बसले आणि मिशी उतरवून घरी निघाले. आता आपल्याकडं बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. वाडीच्या तोंडाशी दोन बायांनी त्यांना पाहिलं आणि तिथंच गळा काढला. तो ऐकून माणसं जमली. कुणी सरपणाची चौकशी केली, कुणी पाव्हण्यारावळ्यांना निरोप द्यायला सायकल काढली. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते आबा धाकट्या मुलाच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "कोण गेलं रं?"

खरं काय ते कळल्यावर आबा म्हणाले, "यंत्रासाठी मिशी काढलीस? मग त्या यंत्रालाच आबा म्हनत जा." दोन महिने बोलले नाहीत. मामांना ह्याचं काही विशेष नव्हतं. "आबा काय, आज ना उद्या समजून घेत्यात," म्हणायचे. "काच न्हाई समजून घेत."

त्यांच्याकडं एक शंभर पानी वही होती, शाळेच्या पोरांची असते तशी. रोज सकाळी नोझलखाली चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, लेझरचा एकच ठोका द्यायचा आणि पट्टीला पडलेलं भोक उजेडात धरून बघायचं. भोक नोझलच्या गोलाच्या बरोबर मधोमध पडलं तर ठीक, बाजूला सरकलं तर हेडचे स्क्रू फिरवून मधोमध आणायचं. हे सगळीकडं करतात. पण मामा ती पट्टी वहीत चिकटवून शेजारी शेरा लिहायचे. डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. "उगवतीकडं केसभर." "मावळतीकडं, रुसल्यागत." मधोमध पडलं तर नुसतं "बरं हाय." जास्तीत जास्त कौतुक तेवढंच. त्या आख्ख्या वहीत 'छान' हा शब्द मी कधी वाचला नाही.

मी मूळचा हिंगोलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, मग वीटभट्टी, मग पुण्यात प्रेस शॉप, मग ठेकेदारामार्फत इथं. सव्विसाव्या वर्षी एका खोलीत सहा जण राहत होतो. शेडमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे 'हिंगोली' म्हणत. मला माणसांत बोलायची भीती वाटायची. काही चुकीचं बोललो आणि काढून टाकलं तर, हा विचार जिभेवर बसलेलाच असायचा. मामांनी मला पत्रे उचलायच्या कामावरून लेझरवर घेतलं ते त्यामुळंच. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "मामा, हाच का? ह्याला काही येत नाही." मामा म्हणाले, "बोलायला येत न्हाई, तेवढं पुरं हाय." माझ्या अडचणीचा असा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. दीड वर्षात त्यांनी मला सगळं शिकवलं. काच पुसायचा कागद एकदाच ओढायचा, घासायचं नाही, एका कागदानं दुसऱ्यांदा पुसायचं नाही. आणि बिघाड शोधताना पायऱ्या सोडायच्या नाहीत. "शंका लेन्सची आली तरी आधी पत्रा बघ. हात शेवटी लेन्सला." माझ्या खोलीवरचे पाच जण दर सहा महिन्यांनी नवी कंपनी शोधत फिरायचे. मी तिथंच टिकलो. ह्या माणसाचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नव्हतं.

त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं, की दिवाळीच्या आधी तिघांना ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या हजेरीवर घेणार. लेझरवरचा माणूस मामा सांगतील तो. हजेरीवर म्हणजे पक्कं. म्हणजे गेटवर 'उद्यापासून येऊ नको' ऐकायची भीती संपली. मी मामांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मामा नोझल पुसत होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ज्या हत्याराचं खातोस त्याला हळद-कुंकू लावलंस का कधी?"

मी म्हणालो, "लावतात की सगळे."

"सगळ्यांचं नको सांगू. तू लावलंस का? गेल्या साली न्हाई लावलं, म्हणून तर तुझं पक्कं होईना."

तिला कसं सांगणार, की आमच्या लेझरची पूजा मानेखालीच होते! मामा खंडेनवमीला सकाळी सकाळी लेन्स काढून स्टीलच्या डबीत घालायचे आणि डबी कपाटात ठेवायचे. लेन्सच्या खाचेवर टेप, टेपवर प्लास्टिक, प्लास्टिकवर पुठ्ठ्याचा खोका. नारळ फोडायचा तो गेटाबाहेर, उदबत्ती लावायची ती ऑफिसात. टेबलाला हार, पंपाला हार, गॅसच्या बाटल्यांना हळद-कुंकू, आणि मुंडक्याला खोका. पोरं म्हणायची, "मामा, देवाला बुरखा का?" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पूजा होईपर्यंत हेडजवळ हाताची घडी घालून उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि सगळे बुंदी-पुरीच्या रांगेला गेले. मामाही गेले. मी मागं राहिलो. खोका काढला, प्लास्टिक काढलं. टेपवरूनच कुंकू लावावं असं आधी ठरवलं होतं, पण ते घोंगडीवरून आंघोळ घातल्यासारखं वाटायला लागलं. टेप काढली. मागं गावाहून निघताना आईनं दिलेल्या पुडीतलं हळद-कुंकू चिमटीनं घेतलं, खाचेच्या वरच्या कडेला दोन बोटं लावली, हात जोडले, 'हजेरीवर लागू दे' म्हणालो. मग भीती वाटली. शर्टाच्या टोकानं सगळं पुसून घेतलं आणि टेप परत लावली, अगदी होती तशी. मामा टेपचा एक कोपरा दुमडून ठेवायचे, सोडवायला सोपं जावं म्हणून. तो पण तसाच दुमडला. मग जाऊन दोन पानं बुंदी खाल्ली. फार हलकं वाटत होतं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मामांनी टेप काढली, लेन्स बसवली, मशीन सुरू केलं. एका साखर कारखान्याच्या जाळ्यांचं काम होतं. गाळप सुरू व्हायला आलेलं, त्यामुळं त्यांचा माणूस रोज येऊन बसायचा. पहिल्या सहा-सात जाळ्या झकास निघाल्या. आठवीला खालून बर राहायला लागली, म्हणजे कापलेल्या कडेला वितळलेलं लोखंड चिकटून राहतं ते. नवव्या जाळीला ठिणग्या खाली जायच्या सोडून वर उडायला लागल्या. मी मशीन थांबवलं आणि मामांना हाक मारली.

त्या क्षणापर्यंत मला काही सुचलं नव्हतं. मामा आले, ठिणग्यांनी काळं पडलेलं नोझल त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पाव्हण्याच्या पोटात काय गेलंय?" आणि मला टेपखालचं कुंकू आठवलं.

"चल," मामा म्हणाले, "पहिल्या पायरीपास्नं."

पहिली पायरी पत्रा. गंज आहे का, लॉट बदललाय का. मी मनात म्हणालो, देवा, पत्राच निघू दे. पत्रा चांगला होता. दुसरी पायरी गॅस. मामांनी बाटला बदलला, नळी तपासली, दाब बघितला. गॅस चांगला होता. मग नोझल. नवीन लावलं. माझी इतकी इच्छा होती की नोझलचंच काहीतरी निघावं. पुन्हा सहा जाळ्या चांगल्या, सातवी वाईट. मग चिकटपट्टी. भोक मधोमध. मामांनी ती पट्टी शांतपणे वहीत चिकटवली आणि "बरं हाय" लिहिलं. मग हेडची पत्र्यापासूनची उंची. बरोबर.

चहाची वेळ झाली. चहा पिऊन आल्यावर मशीन लावलं तर परत पाच-सहा चांगल्या आणि मग बिघाड. मामा माझ्याकडं वळले. "बघितलंस? ईसावा घेतला की चालतंय, तापलं की बिघडतंय. म्हंजी कशाची तक्रार?"

मला उत्तर माहीत होतं. ते त्यांनीच शिकवलेलं होतं. "लेन्सची," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"व्हय. मोठ्यानं बोल की, बरुबर हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी शब्द जुळवत बसलो. 'मामा, माझी एक चूक झाली' असं सुरू करावं, की 'मामा, आईचा फोन आला होता' असं? जुळवून झाले, तोंड उघडलं, आणि बघतो तर मामांनी लेन्सचा ड्रॉवर बाहेर ओढला होता. हेड उघडं!

मी हात वर केला. मामांना वाटलं मला शिंक येतेय. त्यांनी बोट गेटकडं केलं. मी मान हलवली. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. आम्ही दोघं असे उभे असताना मॅनेजरसाहेब दारात आले, त्यांच्यामागं साखर कारखान्याचा माणूस. तेही कायद्यानं दारातच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मला चार माणसांसमोर बोलायचं होतं, आणि बोलायची बंदी होती.

मामांनी कागदावर काच पुसायच्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि काचेवरून एकदाच ओढला. कागद उजेडात धरला. पांढऱ्या कागदावर एक लालसर ओघळ उमटला होता, कडेला पिवळा. मामा तो कागद किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग त्यांनी नवा कागद घेतला, खाचेच्या आत फिरवला. तो पण लाल. काच डोळ्याजवळ नेली. काचेच्या वरच्या अंगाला मोहरीएवढा काळा डाग होता. तो पुसला गेला नाही.

त्यांनी कपाटातली एकुलती एक शिलकी लेन्स आणली, खाच तीनदा पुसली, लेन्स बसवली, पट्टीचं भोक बघितलं, वहीत चिकटवलं, मशीन चालू केलं. जाळ्या निघायला लागल्या. दहावी, बारावी, पंधरावी, सगळ्या स्वच्छ. तोपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आणि म्हणून कुणीच उघडलं नाही.

शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, "मामा, काय होतं?"

"कुंकू," मामा म्हणाले.

"कुंकू? हेडमध्ये? कुणी लावलं?"

"मी," मी म्हणालो. एवढा एक शब्द तयार होता. बाकीचे जुळवलेले सगळे विसरलो.

साहेबांचा चेहरा बदलला. "तुला माहीत नाही इथला नियम? नवी लेन्स यायला दीड महिना लागतो. ही दुसरी गेली तर मशीन बंद पडेल. ठेकेदाराला फोन लावतो मी. उद्यापासून दुसरा माणूस पाठव म्हणावं."

मी खाली बघत होतो. मामा माझ्याजवळ आले. मला वाटलं मारतात आता.

"टेप काढली व्हतीस?"

"हो मामा."

"आन् परत तूच लावलीस? कोपरा दुमडून?"

"हो."

मामा साहेबांकडं वळले. त्यांचा खरोखरच अपमान झाल्यासारखं दिसत होतं. "साहेब, ती टेप मी काढली काल... आपलं, आज सकाळी. ह्या हातानं. माझीच टेप म्हणून काढली. मला वळखू आली न्हाई! कोपरासुदिक माझ्यावानी."

"मग?"

"मग काय? असा हात मला हुडकून मिळायचा न्हाई. आन् लेन्स बसवायच्या आधी खाच पुसायची, ही पायरी माझी. टेप व्हती म्हनून मी ती सोडली. पायरी मी चुकलो, ह्यो कुंकवाला चुकला. दोघांना काढा, न्हाई तर दोघांना ठेवा."

मामा नसताना मशीन कोण उघडणार, हे साहेबांनाही माहीत होतं. "मग हजेरीसाठी नाव कुणाचं देताय?" त्यांनी चिडूनच विचारलं.

"ह्याचंच ल्ह्या. पर दोन दिस थांबा. गुरवारी मी त्याला घरी नेतो. त्याच्याकडं माझं एक काम हाय, त्ये झालं की सांगतो."

गुरुवार आमचा सुट्टीचा वार. तोवरच्या दोन दिवसांत काम कसलं, ते मामा सांगेनात. एक गोष्ट मी बघितली होती. काच पुसलेला कागद मामा लगेच टोपलीत टाकायचे, पण तो लाल कागद त्यांनी घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला होता. शेठला दाखवायला ठेवला असणार, असं मी धरून चाललो.

गुरुवारी न्हावऱ्यापर्यंत मी एसटीनं गेलो, तिथून एम-एटीच्या मागं बसलो. पारगावच्या पुलावर मी धीर करून विचारलं, "मामा, काम काय आहे?"

"साक्ष द्यायची हाय," मामा म्हणाले.

घर वाडीच्या कडेला, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात कडुलिंब. मामी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मामांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग शाळेत मास्तरांपुढं उभं राहावं तसे चुलीपुढं उभे राहिले. खिशातून कागद काढला, उलगडला आणि मामींच्या पुढं धरला.

"काय हाय?" मामींनी विचारलं.

"कुंकू. काचंवरचं. ह्या हिंगोलीनं लावलं व्हतं दसऱ्याला, चोरून. काच गेली. सांग रं हिला."

मी सगळं सांगितलं. आईचा फोन, टेप, जाळ्या, ठिणग्या. काळ्या डागापर्यंत आलो. मामी भाकरी उलटायची थांबल्या होत्या. मामा मध्ये मध्ये म्हणत होते, "बघ, माझं न्हाई, त्याचं त्योच सांगतोय. बाहेरचा मानूस हाय, त्याला खोटं बोलायचं काय कारन?"

मग मामी माझ्याकडं बघून बोलायला लागल्या. "चार सालं झाली बाबा. नवं मशीन आलं तवाचा दसरा. ह्यांना मोठं काम मिळालं म्हनून म्या नवं लुगडं नेसून, ताट घिऊन एसटीनं गेले. हौसंनं कुंकू लावलं त्या मशीनला. तर ह्यांनी सगळ्या लोकांत माझ्या अंगावर वरडून मला गेटाभाईर काढलं. येवडी मानसं बघत व्हती. म्या तशीच एसटीला हुबी ऱ्हायले."

"तवाबी काच गेली असती," मामा हळूच म्हणाले. "म्या सांगितलं व्हतं तुला."

"सांगितलं. मला वाटलं बायकू अडानी, तिची लाज वाटली, म्हनून काचंचं नाव सांगत्यात."

मला आता कळलं, की चार वर्षं रोज हा माणूस हिच्या हातचा डबा घेऊन कंपनीत येत होता, आणि रोज घरी गेल्यावर दिवसभरात काय घडलं ते त्याला कुणी विचारत नव्हतं. उगवतीकडं केसभर, मावळतीकडं रुसल्यागत, हे सगळं तो वहीला सांगत होता.

मामींनी कागद हातात घेतला. चुलीच्या उजेडात बघितला. बोटानं तो लाल ओघळ चाचपला. "खरंच की," म्हणाल्या. मामांचा चेहरा उजळला. साक्ष लागू पडली होती.

मग मामींनी विचारलं, "आन् ह्याला काढलं का मग कामावरनं?"

"न्हाई," मामा म्हणाले. "ठिवून घेतला. उद्या नाव देनार हाय, पक्कं करायला."

नाव नक्की झाल्याचं माझ्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. पण खूश व्हायला वेळ मिळाला नाही, कारण मामी सरळ मामांकडं बघत होत्या.

"ह्यानं काच घालवली, तर ह्याला ठिवून घेतलं. म्या घालवली न्हवती, नुसतं कुंकू लावलं व्हतं. मला गेटाभाईर काढलं."

त्या आवाजात राग नव्हता. मामा उभेच होते. भाकरी तव्यावर करपायला लागली होती. ती कुणी काढेना, शेवटी मामाच खाली बसले आणि त्यांनी हातानं काढली.

"तुला काढलं त्ये चार सालं ध्येनात हाय," ते तव्याकडं बघत म्हणाले. "म्हनून ह्याला काढता आलं न्हाई."

मामींनी कागदाची घडी घातली आणि फडताळात, हळदीच्या डब्याखाली ठेवली. मग दोन ताटल्या मांडल्या, करपलेली भाकरी बाजूला सारून नवी मोडली, अर्धी मामांच्या ताटलीत टाकली आणि अर्धी माझ्या.

"कंपनीत सकाळच्याला काय काय करता तुम्ही," त्यांनी मामांना विचारलं, "गेल्या गेल्या?"

मामांनी घास खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. ते चिकटपट्टीपर्यंत आले तेव्हा मामी मला म्हणाल्या, "तू जेव बाबा. ह्यांचं काय संपत न्हाई. कोरड्यास निवायच्या आत खा."